घरच्या घरी सक्युलंट प्लांटर: कुंडी ७ रुपयांची, पण विकायची कितीला?

सिमेंटचा छोटा प्लांटर कसा ओतायचा, हे व्हिडिओत बघितलंत. इथे दोन गोष्टी नीट लिहून देतो: एक म्हणजे मापं, आणि दुसरी, जिथे बहुतेक जण फसतात ती किंमत.

सामान काय लागेल?

अर्धा किलो श्रीखंडाचा रिकामा डबा, म्हणजे बाहेरचा साचा. डब्याचं तोंड तळापेक्षा थोडं रुंद हवं, नाहीतर कुंडी बाहेर निघत नाही. आतल्या साच्यासाठी प्लास्टिकचा ग्लास. शिवाय साधं सिमेंट, चाळलेली बारीक वाळू, खायचं तेल आणि जाड स्ट्रॉचा २ सेंटीमीटरचा तुकडा. हातात रबरी मोजे आणि तोंडाला मास्क हवाच. ओलं सिमेंट कातडी जाळतं, कोरडं सिमेंट छातीत जातं.

कृती

१. डब्याला आतून, ग्लासला आणि स्ट्रॉला बाहेरून तेल लावा. स्ट्रॉचा तुकडा डब्याच्या तळाशी मधोमध डबल टेपने उभा चिकटवा. हेच पाणी जायचं भोक.

२. एक वाटी सिमेंटला दोन वाट्या वाळू. आधी कोरडंच नीट कालवा, मग थोडं थोडं पाणी घाला. भज्यांच्या पिठापेक्षा जरा घट्ट ठेवा. पाणी जास्त झालं की कुंडी कच्ची राहते.

३. स्ट्रॉच्या उंचीइतका थर ओता, त्यावर ग्लास ठेवा. ग्लासमध्ये वाळू भरा, नाहीतर तो वर तरंगतो. मग बाजूने मिश्रण भरा आणि डबा जमिनीवर हलके आपटा, म्हणजे हवेचे बुडबुडे निघतात.

४. २४ तासांनी साचा काढा. कुंडी दिसायला पक्की दिसेल, पण अजून कच्चीच आहे. ७ दिवस पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा आणि रोज पाणी बदला. यात दोन कामं होतात: सिमेंट मजबूत होतं आणि झाडाला त्रास देणारा चुना बराचसा निघून जातो.

५. दोन-तीन दिवस सावलीत सुकवा. मग बाहेरून ॲक्रेलिक रंग द्या.

आणि हो, सिमेंटचं उरलेलं पाणी बेसिनमध्ये ओतू नका. पाइपमध्ये जाऊन तेही घट्ट होतं!

भोक का सोडायचं नाही?

"खाली खडे टाकले की चालतं ना?" असं बरेच जण विचारतात. नाही चालत. सक्युलंट पानांत पाणी साठवून ठेवतं, त्यामुळे तहानेपेक्षा मुळं कुजूनच जास्त मरतं. खड्यांखाली साचलेलं पाणी बाहेर जात नाही. आपल्याकडच्या पावसाळ्यात तर अजिबात नाही. भरायला एक भाग बागेची माती, एक भाग जाड वाळू आणि एक भाग विटेचा चुरा घ्या. कोकोपीट पाणी धरून ठेवतं, म्हणून टाळा.

गिऱ्हाईक कुंडी बघून घेतं, पण परत येतं ते झाड जगलं तर. म्हणून प्रत्येक प्लांटरसोबत मराठीत एक छोटी चिठ्ठी द्या: उजेडात ठेवा, माती पूर्ण सुकल्यावरच पाणी घाला, पावसात बाहेर ठेवू नका.

आता खरा हिशोब

एका नगाचे आकडे उदाहरणासाठी घेतो. तुमच्या गावचे भाव तुम्ही घाला.

सिमेंट २ रुपये, वाळू १, रंग ४. झाली ७ रुपयांची कुंडी. माती-मिश्रण ५, रोप ३०, पॅकिंग १०. एकूण ५२ रुपये.

इथे बहुतेक जण थांबतात. ९९ ला विकलं तर ४७ रुपये सुटले, असं म्हणतात. थांबा, अजून तीन खर्च आहेत.

तुमचा वेळ: एका नगाला सगळी मिळून २० मिनिटं. तासाला ७५ रुपये धरले तर २५ रुपये. झाले ७७.

तूटफूट: दहातला एक नग तडकतो किंवा रोप दगावतं. दहांचा खर्च ७७० रुपये, विकले जाणार नऊ. म्हणजे एक नग पडला ८६ ला.

स्टॉलचं भाडं: समजा १,००० रुपये भाडं आणि ४० नग विकले. नगामागे २५ रुपये. एकूण १११.

आता सांगा, ९९ ला विकून काय मिळालं? नगामागे १२ रुपये तोटा. दिवसभर गर्दी, संध्याकाळी सगळा माल संपलेला, आणि तरी धंदा तोट्यात. १५० ला विकलात तर ३९ रुपये उरतात. निम्मेच, म्हणजे २० नग विकले गेले तर भाडं नगामागे ५० होतं. तरी १४ रुपये हातात राहतात. किंमत अशी ठरवायची, की वाईट दिवशीही खिशातून जाऊ नये.

खर्च कुठे कमी करायचा?

सिमेंटमध्ये नाही, तिथे वाचवायला आहेच काय! मोठा खर्च रोपाचा. जेडचं एक मोठं झाड घरी वाढवा. फांदी कापून तीन-चार दिवस सावलीत सुकू द्या, मग लावा. पाणी बेताचंच. मुळं धरायला महिनाभर द्या, म्हणजे रोपाचे ३० रुपये जवळजवळ वाचतात.

ऑर्डर घेताना दिवस मोजा. ओतण्यापासून रंगापर्यंत ११-१२ दिवस जातात. पाच डबे असतील तर दिवसाला पाचच कुंड्या निघतील. दिवाळीची ऑर्डर आठवड्यावर आली असेल तर सरळ नाही म्हणा, नाहीतर कच्चा माल जाईल आणि नाव खराब होईल.

सुरुवातीला पाचच करा. लागलेला प्रत्येक रुपया आणि प्रत्येक मिनिट वहीत लिहा. सहावा प्लांटर ओतायच्या आधी तुमची स्वतःची किंमत तुमच्या हातात असेल.