विजेच्या पटावरील फुटबॉल

अमेरिकन फुटबॉलमध्यें चेंडू हातानें फेंकतां येतो. नॉर्मन सास यांच्या ट्यूडर कंपनीनें १९४९ सालीं हा खेळ विजेच्या पटावर आणिला. बटण दाबतांच धातूचा पट थरथरूं लागतो व दोन्ही पक्षांच्या अकरा-अकरा बाहुल्या सरकूं लागतात. मग त्यांस वळवितां येत नाहीं. फेंक करावयाची तर पट थांबवून स्प्रिंगच्या हाताच्या बाहुलीकडून चिमुकला मऊ चेंडू उडवावा लागतो. तो आपल्याच गड्यास लागला तरच फेंक साधली! नेम बहुधा चुकतो. म्हणून प्रतिपक्षी आपले सर्व गडी पुढें लोटतो. हा लोभ बुद्धिबळांतही सुटत नाहीं. मात्र नेम लागलाच, तर मागें अडविण्यास कोणी उरत नाहीं. सबब निदान दोन गडी मागें ठेवावे व त्यांच्या बैठकीचे दाते डाव सुरू होण्यापूर्वींच अशा बेतानें वळवावे कीं, चेंडू झेलणाऱ्याच्या वाटेवरच ते सरकतील.