ओंडके मोजायचे की फळ्या?

भारत आणि चीनच्या कठीण लाकडाच्या आयातीची तुलना करताना बहुधा चिरलेल्या लाकडाचाच आकडा पुढे ठेवला जातो. त्यात चीन अवाढव्य दिसतो, भारत नगण्य. मग समज होतो की भारताची गरज घरच्याच जंगलांतून भागते.

हा समज चुकीचा आहे. भारत फळ्या कमी आणतो, कारण तो ओंडके आणतो. गोल लाकडावर सीमाशुल्क कमी, चिरलेल्यावर जास्त. त्यामुळे परदेशी साग कांडला बंदरात ओंडक्यांच्या रूपात उतरतो आणि शेजारच्या गांधीधाममधल्या शेकडो आरागिरण्यांत त्याच्या फळ्या होतात. सागाच्या ओंडक्यांचे जगातले सर्वांत मोठे गिऱ्हाईक भारतच आहे. ओंडके आणि फळ्या एकत्र धरल्याशिवाय ही तुलना करूच नये.

चीनबद्दलचा समज याहून पक्का आहे: तिथे जंगल उरले नाही, म्हणून तो बाहेरून लाकूड घेतो. प्रत्यक्षात चीनचे वनक्षेत्र गेल्या काही दशकांत लागवडीमुळे वाढले. आयातीला खरी गती मिळाली ती 1998 च्या यांगत्सेच्या महापुरानंतर. नदीच्या वरच्या खोऱ्यातल्या बेसुमार तोडीवर पुराचा ठपका आला, सरकारने नैसर्गिक जंगलांतली तोड रोखायला सुरुवात केली आणि पुढच्याच वर्षी ओंडक्यांवरचे आयातशुल्क काढून टाकले. नव्याने लावलेले पॉपलर आणि निलगिरी प्लायवूडला चालतात. रुंद, जुन्या खोडाच्या फळ्या त्यांतून निघत नाहीत.

भारतातही असेच घडले होते. 1988 च्या वननीतीने पर्यावरणाला उद्योगाच्या आधी स्थान दिले. 12 डिसेंबर 1996 रोजी गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मंजूर कार्ययोजनेशिवाय होणारी वनतोड थांबवली. अवघ्या दोन वर्षांच्या अंतराने दोन्ही देशांनी आपापली झाडे वाचवायचे ठरवले. निर्णय योग्यच होते. मात्र मागणी घटली नाही आणि कुऱ्हाड म्यानमारच्या, आफ्रिकेच्या जंगलांकडे वळली. आयातीचे आकडे वाचताना ही बाजू नजरेआड होता कामा नये.

पुढे विकणाऱ्या देशांनीही दारे लावली. गॅबनने 2010 मध्ये आणि म्यानमारने 1 एप्रिल 2014 पासून ओंडक्यांची निर्यात बंद केली.

आयात केलेली प्रत्येक फळी वर्षावनातूनच येते, हेही खरे नाही. चीनला चिरलेले कठीण लाकूड पुरवणाऱ्यांत थायलंड आघाडीवर आहे आणि ते लाकूड मुख्यतः रबराच्या झाडांचे असते. साधारण पंचवीस-तीस वर्षांनी चीक आटला की मळ्यातली ती झाडे तशीही तोडली जातात. चीनमध्ये त्यांचे फर्निचर होते आणि त्यातले बरेचसे परदेशी जाते. भारतात येणारा साग मात्र मुख्यतः इथल्याच चौकटी-दारांत बसतो.

वखारीत अजूनही ‘बर्मा’ आणि ‘सीपी’ अशी नावे चालतात. बर्मा म्हणजे म्यानमारचा साग, सीपी म्हणजे जुन्या मध्य प्रांताचा. चंद्रपूर-गडचिरोलीचा साग सीपीतलाच. ‘बर्मा’ म्हणून दाखवला जाणारा ओंडका मात्र आज बहुधा घाना, टांझानिया, इक्वेडोर किंवा पनामाचा असतो, आणि बऱ्याचदा लागवडीतला, कमी वयाचा. दाराची ऑर्डर देण्याआधी लाकूड कोणत्या देशाचे आणि झाड किती वर्षांचे, हे दोन प्रश्न वखारवाल्याला जरूर विचारावेत.