घोंगडी आणि गालिचा

'लोकरीला अधूनमधून ऊन दाखवावे' हे वाक्य वाचून तुम्ही क्षणभर गोंधळून जाल. उर्दूत 'ऊन' म्हणजे लोकर. मग लोकरीला लोकर कशी दाखवायची? मराठीत मात्र 'ऊन' म्हणजे सूर्याचा उष्ण प्रकाश, आणि मेंढीच्या अंगावरील केसांना 'लोकर' म्हणतात. हा फरक ध्यानात ठेवा. या पाठात हे दोन्ही शब्द येणार आहेत.

लोकरीचे अंथरूण आणि पांघरूण माणूस फार प्राचीन काळापासून वापरत आला आहे. आफ्रिका खंडातील मोरोक्को देशात ॲटलास नावाचा पर्वत आहे. तेथे बर्बर लोक राहतात. ते स्वतःला 'अमाझिग' म्हणतात. त्यांच्या स्त्रिया मेंढीच्या लोकरीचे जाड, उबदार गालिचे विणतात. आज बाजारात मात्र दोऱ्याचे लहान लहान फास असलेल्या कोणत्याही गालिच्याला 'बर्बर' म्हणतात. त्यांपैकी कितीतरी गालिचे नायलॉनचे असतात. म्हणजे नुसत्या नावावरून माल ओळखता येत नाही.

आपल्या महाराष्ट्रातील लोकरीचे वस्त्र म्हणजे घोंगडी. पुणे जिल्ह्यात राजगड किल्ल्याच्या परिसरात मार्गासनी नावाचे गाव आहे. हा मावळातील भाग. येथे पाऊस भरपूर आणि मुख्य पीक भाताचे. पूर्वी भातलावणीच्या वेळी शेतकरी डोक्यावरून घोंगडीची खोळ घेत आणि दिवसभर पावसात काम करीत. लोकरीचा केस वरून थोडा तेलकट असतो. त्यामुळे पाणी लगेच आत शिरत नाही. शिवाय लोकर ओलसर झाली तरी ऊब देते. पुढे प्लॅस्टिकचे कागद आले आणि शेतातील घोंगडी कमी झाली.

ही लोकर येते दख्खनी मेंढीपासून. मेंढीला जास्त ओल मानवत नाही. म्हणून मेंढपाळ धनगर पावसाळ्यात पूर्वेकडील कोरड्या भागात राहतात आणि पाऊस संपल्यावर कळप घेऊन पश्चिमेकडे येतात. शेतकरी त्यांच्या मेंढ्या आपल्या शेतात बसवून घेतात. शेताला खत मिळते आणि मेंढपाळाला धान्य किंवा पैसे मिळतात. मेंढीची लोकर साधारणपणे वर्षातून दोनदा कातरतात. ती पिंजून तिचे सूत काढतात. त्या सुताला चिंचोक्याची खळ लावतात. मग सणगर किंवा खुटेकर धनगर समाजातील कारागीर मागावर घोंगडी विणतात.

घोंगडी किंवा गालिचा विकत घेताना काय पाहावे? प्रथम वस्तू उलटी करून पाहा. हाताने गाठी मारलेल्या गालिच्याची नक्षी मागच्या बाजूनेही स्पष्ट दिसते. मागे रबरासारखा थर किंवा चिकटवलेले कापड असेल, तर तो गालिचा हाताने विणलेला नाही असे समजावे. अस्सल घोंगडीचा काळा किंवा तपकिरी रंग मेंढीचा स्वतःचा असतो. म्हणून तो सगळीकडे अगदी सारखा नसतो. पांढरे ओले फडके घोंगडीवर घासून पाहावे. फडक्याला रंग लागला, तर तो वरून दिलेला आहे. नवी घोंगडी खळीमुळे ताठ असते आणि अंगाला टोचते. तो दोष नव्हे.

आणखी एक परीक्षा आहे. ती घरातील मोठ्या माणसांसमोरच करावी. कडेचे एकदोन धागे काढून ताटलीत जाळावेत. लोकर असेल तर केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटाने चुरगळते. नायलॉन असेल तर धागा वितळतो आणि त्याचा टणक मणी बनतो.

आता निगा कशी राखावी ते पाहू. गालिचा नियमितपणे झाडावा, कारण आत शिरलेली वाळू धागे कापते. काही सांडले तर घासू नये. कोरड्या फडक्याने टिपून घ्यावे. बर्बर पद्धतीच्या गालिच्यातून धागा वर आला तर तो ओढू नये. एक धागा ओढला की फासांची ओळच उसवते. तो कात्रीने कापावा.

घोंगडी वारंवार धुऊ नये. धुतलीच तर थंड पाण्यात, रिठ्याच्या फेसाने धुवावी. गरम पाण्यात चोळल्यास लोकर आटते. भिजलेली घोंगडी फार जड होते आणि लवकर वाळत नाही. म्हणूनच मराठीत रेंगाळलेल्या कामाला 'भिजत घोंगडे' म्हणतात. ओली घोंगडी घडी करून कधीही ठेवू नये.

लोकरीचा खरा शत्रू म्हणजे कसर. उर्दूत 'कसर' म्हणजे उणीव. मराठीत हा अर्थ तर आहेच, पण लोकरीचे कपडे खाणाऱ्या किड्यालाही 'कसर' म्हणतात. या किड्याला अंधार आणि न हलणारी घडी आवडते. म्हणून अधूनमधून घोंगडी झटकावी, तिला ऊन दाखवावे आणि घडी बदलून ठेवावी.

अरबीत लोकरीला 'सूफ' म्हणतात. 'सूफी' हा शब्द त्यावरूनच आला, असे बहुतेक अभ्यासक मानतात. जे जाडेभरडे वस्त्र साधुसंतांनी आणि मेंढपाळांनी अंगावर घेतले, त्याच्या लोकरीला आज गिऱ्हाईक नाही. मेंढीच्या आरोग्यासाठी लोकर कातरावीच लागते. पण अनेक ठिकाणी मेंढपाळ ती फेकून देतात. ज्या हातांना घोंगडी विणता येते ते हातही कमी होत आहेत. तुमच्या घरी एखादी जुनी घोंगडी असेल, तर ती अडगळीत टाकू नका. आजच बाहेर काढा, झटका आणि तिला ऊन दाखवा. नीट जपली तर ती तुमच्या मुलांनाही ऊब देईल.