पायाखालचा गारवा

चैत्र सरला, की आमच्या हिंगोलीकडे उन्हाचा तडाखा सुरू होतो. पारा ४० च्या वर जातो आणि दुपारी रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. अशा वेळी माझी आई जेवण आटोपून मधल्या खोलीत जाते, भुईवर ओले फडके फिरवते आणि हाताची उशी करून आडवी होते. खाली ना चटई, ना गादी. "भुई अंगातली आग ओढून घेती रे," असे ती म्हणते.

गेल्या हिवाळ्यात जर्मनीहून पुतण्याचा फोन आला. त्याच्या घरात म्हणे फरशीखाली नळ्या आहेत. त्यांतून कोमट पाणी खेळते आणि बाहेर बर्फ पडत असतानाही घरात अनवाणी फिरता येते. आईने फोन हातात घेऊन विचारले, "अन् उन्हाळ्यात गार बी करता येती का?" सगळे हसले. मी मात्र विचारात पडलो, कारण प्रश्न मुद्द्याचा होता.

तशी ही कल्पना फार जुनी. कोरियातल्या घरांत चुलीचा गरम धूर जमिनीखालून खेळवत. त्याला 'ओन्दोल' म्हणतात. रोमन लोकांच्या स्नानगृहांतही हीच युक्ती होती. आजच्या घरांत तिने इंधन वाचते, ते दोन कारणांनी. भिंतीवरच्या लोखंडी रेडिएटरला बहुधा ६०-७० अंशांचे पाणी लागते. सबंध फरशीच ऊब देणार असेल तर ३५-४० अंशांचे पुरते. दुसरे म्हणजे, आपल्याला थंडी-उकाडा केवळ हवेमुळे जाणवत नाही. भिंती, छत, जमीन यांच्याशी अंगाची उष्णतेची देवघेव सतत चालू असते. पाय उबदार असले, की हवा अंशभर थंड असली तरी चालते. अट एकच. नळ्यांखाली उष्णता अडवणारा थर हवा, नाही तर सारा पैसा अक्षरशः मातीत जातो.

आणि इथेच आपली गोष्ट उलटी होते. काही मीटर खोलीवर जमिनीचे तापमान वर्षभर जवळजवळ सारखे असते. वैशाखात ती वरच्या हवेपेक्षा बरीच गार असते. म्हणून थंड देशात फरशी जमिनीपासून तोडायची, आपण मात्र ती जमिनीशी जोडून ठेवायची.

यंत्राने हे करता येते का? येते. हैदराबादेत इन्फोसिसने २०११ साली एका इमारतीचे दोन सारखे भाग केले. एकात नेहमीची वातानुकूलन यंत्रणा बसवली, दुसऱ्यात काँक्रीटच्या छतात नळ्या घालून गार पाणी खेळवले. दुसऱ्या भागाला सुमारे ३४ टक्के वीज कमी लागली. मात्र पावसाळ्यात आपल्या फरशीला सुटते तसे पाणी तिथे सुटू नये, म्हणून हवा वेगळी कोरडी करावी लागते. हा खटाटोप आमच्यासारख्यांना कुठला परवडायला!

यंदा घरात वाद निघाला तो आईच्या त्या खोलीवरून. ती माळवदाची आहे. दगडमातीच्या रुंद भिंती, लाकडी तुळया, वर पांढऱ्या मातीचा जाड थर. दादांना ती पाडायची आहे आणि त्यांचे चुकत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात जवळजवळ आठ हजार माणसे गेली, ती बहुतेक अशाच जड घरांखाली. २१ मार्च २०२४ ला सकाळी आमच्या जिल्ह्याला ४.५ तीव्रतेचा धक्का बसला. आम्ही सारे अंगणात धावलो, तेव्हा आई त्याच खोलीत होती.

पण पुढच्या खोल्यांवरचा स्लॅबही आम्ही भोगतो आहोत. दिवसभर प्यालेले ऊन तो रात्री आमच्या अंगावर ओततो. एसी घेतला, तर दीड टनाचे ते यंत्र भर उन्हात तासाला सव्वा-दीड युनिट वीज खाते. वीज गेली, की पुन्हा तोच तवा!

शेवटी उमगले ते एवढेच, की आईला हवी आहे ती भुई, माळवद नव्हे. ती भुई राखूनही डोक्यावरचे ओझे उतरवता येते. भूकंपाला टिकतील असे खांब आणि पट्टे असलेली खोली बांधायची, छताला पांढराशुभ्र चुना द्यायचा, दक्षिण-पश्चिमेच्या भिंतींवर सावली धरायची. खाली मात्र मुरूम चोपून त्यावर शहाबादी फरशी बसवायची आणि भोवतालची जमीन उन्हात तापू द्यायची नाही. परसातला कडुलिंब त्यासाठीच राखायचा.

पावसाळ्याआधी माळवद उतरवायचे ठरले आहे. आई एवढेच म्हणाली, "छत तुमच्या मनासारखं करा. भुई मात्र मी हात लावून बघीन."