स्टार्टरच्या पेटीला गॅस्केटच बसवा



विहिरीवरचा पंप आपण जपतो, केबल जपतो. स्टार्टरच्या पेटीच्या झाकणाकडे मात्र कोणी पाहत नाही. आम्हीही पाहिले नव्हते.

होळीनंतर आमच्या वावरातील ऑटो-स्टार्टरची दुरुस्ती झाली. झाकणाची रबरी पट्टी, म्हणजे गॅस्केट, तुटलेली होती. मिस्त्री म्हणाला, "पट्टी कायले पायजे? सिलिकॉन मारून देतो, थेंब शिरत नाही पाहा." आम्ही मान डोलावली. वैशाखात मोटर सुरूच होईना. झाकण सुरीने कापून काढले. आत पाण्याचा थेंब नव्हता, पण सर्किट बोर्डावरचे तांबे हिरवे पडले होते. नवीन बोर्ड येईपर्यंत आठ दिवस ऊस तहानलेला राहिला.

पाणी शिरले नाही, मग बिघडले कशाने? बाजारातील पुष्कळसे स्वस्त सिलिकॉन वाळताना ॲसेटिक आम्ल सोडते. शिरक्यासारखा आंबूस वास येतो तो त्याचाच. बंद पेटीत ही वाफ कोंडते आणि तांबे, पितळ, लोखंड खाते. काचेच्या खिडकीला हे सिलिकॉन चालते, बोर्डाच्या पेटीला नाही.

एम-सीलसारखा लेप तर दगडासारखा घट्ट होतो. पुढच्या दुरुस्तीला झाकण फोडावे लागते. सायकलच्या ट्यूबची कापलेली पट्टी उन्हाने तडकते आणि सांध्यावर फट राहते.

गॅस्केटचे काम केवळ भोक बुजवण्याचे नाही. ते दाबले जाते आणि उलट दाब देत राहते. वर्धेच्या उन्हात पत्रा फुगतो, रात्री आकसतो. गॅस्केट त्याबरोबर हलते आणि फट पडू देत नाही. शिवाय झाकण केव्हाही उघडता येते. रबराचा हा लवचीकपणा गेला की काय होते, ते १९८६ साली अमेरिकेच्या 'चॅलेंजर' यानाने दाखवले. थंडीने कडक झालेल्या रबरी कड्याने सांधा धरला नाही आणि सात माणसे गेली. आपल्याकडेही ओल शिरलेल्या लोखंडी पेटीत करंट उतरला, तर हात लावणाऱ्याच्या जिवावर बेतते.

म्हणून एवढे करावे :

१. आधी मेन स्विच बंद करून फ्यूज काढावेत. काम वायरमनकडूनच करून घ्यावे.

२. खाचेची रुंदी व खोली मोजून निओप्रीन किंवा ईपीडीएम रबराची पट्टी आणावी. जुना चिकटा पूर्ण खरवडावा. पट्टीचा जोड खालच्या बाजूस ठेवावा.

३. स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे आवळावेत. झाकणात कागदाची पट्टी धरून ओढावी. सहज निसटली तर तेथे फट आहे.

४. केबल खालून, ग्लँडमधूनच आत घ्यावी. पेटीच्या तळाचे पाणी निघण्याचे भोक बुजवू नये.

५. अगदीच अडले तर आंबूस वास नसलेले, इलेक्ट्रॉनिक्ससाठीचे 'न्यूट्रल क्युअर' सिलिकॉन घ्यावे व पूर्ण वाळल्यावरच झाकण लावावे.

सौर पंपाचा कंट्रोलर हमीच्या काळात स्वतः उघडू नये.

पट्टीचे पैसे वाचवायला गेलो आणि बोर्ड गमावला. मृगाच्या आधी आपापली झाकणे एकदा पाहून घ्या, बाप्पा!