ज्येष्ठेचा फिकट शेजारी

मे महिन्यातल्या अमावस्येच्या आसपास, मध्यरात्री दक्षिणेकडे बघा. विंचवाच्या आकृतीत तांबूस चमकणारा तारा म्हणजे ज्येष्ठा. तिच्या उजवीकडे, जेमतेम सव्वा अंशावर ‘एम-४’ हा गोलाकार तारकागुच्छ आहे. शहराबाहेरच्या काळोखात साध्या दुर्बिणीतून तो कापसाच्या बोळ्यासारखा दिसतो.

फोटो काढताना मात्र ज्येष्ठा दादागिरी करते! शटर जास्त वेळ उघडं ठेवलं, की तिचा तांबूस रंग जाऊन पांढरा गोळा उरतो. कमी वेळ ठेवलं, तर गुच्छ गायब. मग करायचं काय?

ट्रायपॉडवर कॅमेरा आणि २०० एमएमची लेन्स लावा. फोकस ज्येष्ठेवरच करा, कारण फिकट गुच्छावर तो जमत नाही. आता एक-दीड सेकंदाचे शंभर-दोनशे फोटो घ्या. त्याहून जास्त वेळ दिलात, तर पृथ्वीच्या फिरण्यामुळे ताऱ्यांच्या रेघा उमटतात. घरी आल्यावर ‘डीपस्कायस्टॅकर’ या मोफत सॉफ्टवेअरमध्ये सगळे फोटो एकावर एक रचा. गुच्छ हळूच वर येतो.

आता नीट बघा. ज्येष्ठेचा उजेड साधारण ५५० वर्षांपूर्वी निघालाय, गुच्छाचा सुमारे ६००० वर्षांपूर्वी. शेजारी आहेत ते फक्त आपल्या फ्रेममध्ये!

फक्त उशीर करू नका. मृग लागला की आभाळ झाकलं जातं आणि ढग हटेपर्यंत विंचू मावळतीला टेकलेला असतो.