बोल्ट अडला? सावकाश!

आपल्याकडे मोटारसायकलचे ऑईल घरीच बदलणारे पुष्कळ. पण इंजिनाखालचा ड्रेन बोल्ट अडला, की पान्याला पाईप लावून ताकद आजमावली जाते. बोल्ट पोलादाचा, चेंबर अ‍ॅल्युमिनियमचे. आडदांड जोर केला की चेंबरमधले मऊ आटे जातात आणि ऑईलपुरते काम चेंबरवर जाते.

उद्यमबागेतले एक मिस्त्री शिकाऊ पोरांना एकच शब्द सांगतात, ‘सावकाश’. तो मराठीत सांगितला की कन्नडमध्ये, हे विचारायची गरजच पडत नाही!

त्यांची रीत मला पटली. इंजिन थोडे गरम करून बंद करावे. सहाकोनी बॉक्स पाना पूर्ण बसवावा; फिक्स पान्याने कोपरे झिजतात. बोल्टच्या डोक्याकडे पाहत, घड्याळाच्या उलट दिशेनेच फिरवावे. पान्याच्या दांड्यावर हातोडीचे हलके टोले द्यावेत. डोके गोल झालेच, तर हट्ट सोडून गाडी गॅरेजला न्यावी. तिथे त्यावर नट वेल्ड करून बोल्ट काढतात.

बसवताना नवा वॉशर घालावा, आटे आधी हाताने धरवावेत आणि पुस्तिकेत सांगितले तेवढेच आवळावे. पुष्कळदा बोल्ट अडतो तो मागच्या वेळी जास्त आवळल्यामुळेच.